स्टोरीवीव्हर: वर्गात वाचनासाठी नक्की वापरा

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटचं नाव बऱ्याच शिक्षकांनी ऐकलंय पण वर्गात रोज वापरणारे कमी दिसतात म्हणून लिहितेय. 2015 पासून चालू आहे, पूर्ण मोफत, मराठी गोष्टी भरपूर आणि परवाना खुला असल्यामुळे पीडीएफ उतरवून प्रिंट काढून मुलांना दिली तरी काही भानगड नाही, फक्त लेखक आणि चित्रकाराच्या नावांचं शेवटचं पान गाळू नका.

सगळ्यात उपयोगाचं म्हणजे पातळ्या. पहिल्या पातळीत साधारण 250 शब्दांपर्यंत, दुसऱ्या पातळीत 600, तिसऱ्या पातळीत 1500 आणि चौथ्या पातळीत त्याहून मोठ्या गोष्टी. आमच्याकडे तिसरी-चौथीचे वर्ग एकत्र बसतात, एखादा अजून जोडाक्षरापाशी अडतोय आणि एखादी धडाधड वाचते, मग दोघांना एकच धडा कसा पुरायचा? पण ही पातळी शिक्षकासाठी आहे हां, मुलांवर लादू नका. चौथीतल्या पोराने पहिल्या पातळीचं पुस्तक उचललं तर उचलू दे, चित्रं बघत बघत तो ते संपवतो आणि "मी पुस्तक संपवलं" हे एकदा त्याला कळलं की पुढचं तो मागायला येतोच. आणि कृपा करून वाचून झाल्या झाल्या तात्पर्य विचारू नका, वहीत उत्तरं लिहायला लावू नका!! मुलाला वाटतं हा पण अभ्यासच, मग तो पुस्तकाकडे फिरकत नाही.

मोबाईलवर दाखवून काम होत नाही असं माझं स्पष्ट मत. फोन एक, भोवती पोरांचा घोळका, वाचणारा एकच आणि बाकीचे नुसते बघणार. दोरी बांधा, चिमट्यांनी पुस्तकं मुलांचा हात पोचेल अशी लावा, मधल्या सुट्टीतही काढू द्या, फाटली तर फाटली. रंगीत प्रिंट महाग पडते हे खरंय, पण झेरॉक्सवर चित्रं काळीकुट्ट येतात आणि लहान मुलं निम्मी गोष्ट चित्रातच वाचतात, त्यामुळे कमी काढा पण रंगीत काढा.

एक लक्षात ठेवा, स्टोरीवीव्हरवर कोणीही गोष्ट लिहू शकतं किंवा भाषांतर करू शकतं, त्यामुळे भाषा सगळीकडे सारखी नसणार, प्रिंटआधी स्वतः मोठ्याने वाचून बघा.

पाचवीच्या पुढच्यांना बालभारतीचं 'किशोर' मासिक द्या, 1971 पासूनचे जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत.

पहिल्या पातळीतल्या तुमच्या वर्गात चाललेल्या गोष्टी कोणत्या, नावं टाका प्लीज, जूनमध्ये नवीन प्रिंट काढायच्यात.