मोलर वस्तुमान: वहीतला तक्ता की मोबाइलवरचं ॲप?

अकरावी सायन्सला प्रवेश झाला की पहिल्याच महिन्यात हा प्रश्न येतो. वरूड तालुक्यातल्या माझ्या शिकवणीत दोन्ही पद्धती मी स्वतः वापरल्या आहेत, मुलांकडूनही करवून घेतल्या आहेत. रेणुवस्तुमान नववीत होऊन गेलेलं असतं, त्यामुळे मोलच्या खोलात इथे जात नाही. एका मोल पदार्थाचं ग्रॅममधलं वस्तुमान म्हणजे मोलर वस्तुमान, आणि सूत्रातल्या सगळ्या अणूंची अणुवस्तुमानं मिळवली की ते येतं, एवढं लक्षात असलं तरी पुरे.

ॲपचं श्रेय आधी देतो. कंसांच्या बाबतीत ते बरंच भरवशाचं आहे. अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, म्हणजे Al₂(SO₄)₃, वहीत करताना अर्धी मुलं कंसाबाहेरचा ३ ऑक्सिजनला लावतात आणि गंधकाला विसरतात. मग ३४२ च्या जागी २७८ येतं. ॲपकडून ही चूक झालेली मी पाहिली नाही. दहा उदाहरणं झटपट तपासायची असतील तर त्याच्यासारखी सोय नाही. फक्त अक्षरं जपून टाका. कार्बन मोनॉक्साइडमधला (CO) 'ओ' फोनने आपणहून लहान केला की त्याचाच कोबाल्ट (Co) होतो आणि २८ चे ५८.९ होतात.

माझं मन मात्र एका टिंबावरून बदललं.

एका विद्यार्थ्याच्या घरी संत्र्याची बाग आहे. वडील झाडांच्या बुंध्यांना बोर्डो मलम हे बुरशीनाशक लावतात: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. म्हणून वर्गात विचारलं, त्या किलोभर मोरचुदात, म्हणजे CuSO₄·5H₂O मध्ये, तांबं किती? तांबं ६३.५, गंधक ३२, चार ऑक्सिजनचे ६४, झाले १५९.५. त्यात स्फटिकजलाचे, म्हणजे स्फटिकात बांधलेल्या पाण्याचे, पाच रेणू, म्हणजे ९०. एकूण २४९.५. किलोमागे तांबं साधारण २५४ ग्रॅम.

तो म्हणाला, "सर, ॲप तं १८५.६२ म्हन्ते."

त्याने फोन दाखवला. सूत्र बरोबर टाकलेलं, अक्षरं बरोबर. अर्धा तास मीच चूक शोधत होतो. शेवटी लक्षात आलं की ऑक्सिजनचा ४, पुढचं टिंब आणि पाण्याचा ५ हे ॲपने एकत्र वाचलं होतं. साडेचार ऑक्सिजन आणि एकच पाणी! त्या आकड्याने किलोमागे तांबं ८८ ग्रॅमने जास्त निघत होतं. ॲपने कुठेही हरकत घेतली नाही, उत्तर दोन दशांशांपर्यंत ठामपणे दिलं. सगळी ॲप असं करत असतील असं मी म्हणत नाही. पण कोणतं करतं आणि कोणतं नाही, हे मुलाला कसं कळावं?

वहीत चार रकाने असतात: मूलद्रव्य, अणूंची संख्या, अणुवस्तुमान, गुणाकार. संख्येच्या रकान्यात साडेचार लिहिताना कोणाचाही हात थांबेल. वहीतही चुका होतात, अ‍ॅल्युमिनियमची वर सांगितलीच. पण ती चूक कागदावर राहते, बोट ठेवून दाखवता येते. मला शिकवताना याचा फार उपयोग झाला.

अचूकतेचं म्हणाल तर पूर्ण दशांश घेऊन मोरचूद २४९.६८ येतं. वरच्या ०.१८ ने अकरावीच्या गणितात काही बिघडत नाही. क्लोरीनचे ३५.५ मात्र गोल करू नका. निसर्गात ३५ आणि ३७ असे त्याचे दोन समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू) ढोबळमानाने तीनास एक प्रमाणात आहेत, म्हणून ती सरासरी अर्ध्यावर येते. तांब्याचे ६३.५ ही तसेच. परीक्षेचं वेगळं सांगायला नको. बारावी बोर्डात आणि नीटमध्ये कॅल्क्युलेटर चालत नाही.

पुढे बी.एस्सी.ला रोज मोठमोठे रेणू हाताळणाऱ्याला ॲपच सोयीचं पडेल, हे मान्य. अकरावीच्या मुलाला मी दिवाळीपर्यंत तरी तक्ताच करायला सांगेन, ॲप त्यानंतर पडताळणीला. आणि तेव्हाही स्फटिकजल असेल तर टिंब टाकू नका. पाणी कंसात घाला आणि ५ कंसाबाहेर लिहा: CuSO4(H2O)5. त्याच फोनवर, त्याच ॲपने मग २४९.६८ दाखवलं होतं.