बेअरिंग अडकलंय: गरम करावं, ओढावं की लेथवाल्याकडे द्यावं?

गणपती उरकले की आमच्या ठाण्यातल्या कोपरीच्या घरी कुणी ना कुणी आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या खेळाच्या गाडीची मोटर घेऊन येतंच. पावसाळाभर चिखलात पळवलेल्या गाड्या, त्यात खाडीकडची खारी हवा. शाफ्ट बोटाने फिरवला की आत वाळू भरल्यासारखी करकर लागते आणि बेअरिंग बदलायला घ्यावं तर ते जागचं हलत नाही. या वर्षी खारघरहून माझा भाचा आला. "मामा, बेअरिंग ओढून काढायचा पुलर मागवू, घरीच गरम करू, की वागळे इस्टेटला कुणा लेथवाल्याकडे देऊ? का सरळ नवी मोटर घेऊ?" चारही गोष्टी मी आजवर वेगवेगळ्या मोटरींवर करून पाहिल्या आहेत. त्याला जे सांगितलं तेच इथे मांडतो.

मी बोलतोय ती नेहमीची ५४० आकाराची ब्रशलेस, म्हणजे कार्बन ब्रश नसलेली मोटर. डबा ३६ मिमी व्यासाचा, शाफ्ट ३.१७५ मिमी, म्हणजे जुन्या मापात बरोबर एक सूत. त्यावरचं बेअरिंग बऱ्याचदा बाहेरून तीन सूत, म्हणजे ९.५२५ मिमी असतं. मोठ्या, खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाच्या 'बगी' प्रकारच्या आरसी गाडीत शाफ्ट ५ मिमीचा असतो आणि बेअरिंग १३, १४ किंवा १६ मिमीचं. स्वस्तातल्या ब्रशवाल्या चंदेरी डब्याच्या मोटरीत बहुधा बेअरिंग नसतंच, साधा बुश, म्हणजे गोळ्यांविना नुसती नळी असते आणि डबा दाबून बंद केलेला असतो. तिच्या मागे लागू नका.

पुलर की हीट गन हे ठरवण्याआधी बेअरिंग कशात अडकलंय ते बघा. झाकण ओढल्यावर बेअरिंग झाकणासोबत आलं तर ते झाकणाच्या खोबणीत घट्ट आहे. रोटरसोबत, म्हणजे आतल्या चुंबकाच्या फिरत्या भागासोबत राहिलं तर शाफ्टवर घट्ट आहे. या दोन दुखण्यांची औषधं एकदम वेगळी आहेत. बरीच नासाडी एकाचं औषध दुसऱ्याला दिल्यामुळे होते.

आणि झाकण मुळात निघतच नसेल तर? भाच्याच्या मोटरीचं हेच झालं होतं. ओढून ओढून त्याची बोटं लाल झाली होती. मी शाफ्टचं टोक उजेडात धरून नख फिरवलं, तर एका जागी नख अडलं. पिनियनचा, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या छोट्या दातेरी चाकाचा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू शाफ्टवर करकचून आवळला की त्याच्या टोकाखालचा पोलादाचा बारीकसा ओठ वर उचलला जातो. डोळ्याला तो दिसतही नाही, पण बेअरिंगचं आतलं भोक शाफ्टला इतकं नेमकं असतं की एवढाही उंचवटा त्याला ओलांडता येत नाही. अशा वेळी जोर लावला तर तो ओठ बेअरिंगच्या भोकाला आतून ओरखडे पाडत जातो. बारीक तेलदगडाने तेवढीच जागा घासली, चिंधीने पुसली, आणि झाकण दोन बोटांनी निघालं. म्हणून कुठलाही खर्च करायच्या आधी नख फिरवून पाहा.

झाकण काढण्यापूर्वी मार्करने डबा आणि झाकण यांवर एक सरळ रेघ मारा. सेन्सरवाल्या मोटरीत मागचं झाकण फिरलं की टायमिंग, म्हणजे रोटर कुठे असताना करंट मिळतो ते, बदलतं.

बेअरिंग झाकणातच घट्ट असेल तर माझा कौल आधी उष्णतेला. झाकण अॅल्युमिनियमचं आणि बेअरिंग पोलादाचं. तापलं की अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. तीन सुताच्या खोबणीत शंभर अंश तापमान वाढलं की साधारण ०.०१ मिमीची ढिलाई मिळते, १६ मिमीच्या बेअरिंगला ०.०१८ मिमीच्या आसपास. आकडा केसाच्या जाडीहून कितीतरी कमी वाटेल, पण बेअरिंग दाबून बसवतात तेच मुळी एवढ्याशा फरकावर. हातोडी न लागता बेअरिंग आपल्या वजनाने खाली पडतं, हे एकदा पाहिलं की दुसरी पद्धत आधी करावीशी वाटत नाही.

मी हे असं करतो. रोटर बाहेर, डबा बाजूला, हातात फक्त झाकण. पक्कडीत धरून हॉट एअर गनचा झोत झाकणाच्या कडेवर गोल गोल फिरवायचा, थेट बेअरिंगवर नाही. दोन-तीन मिनिटांनी पाण्याचा एक थेंब टाकायचा. तो नुसता पसरला तर अजून वेळ आहे, चर्रकन उडून गेला तर झालं. झाकण उलटं करून लाकडी पाटावर एकदा आपटायचं. टक् असा कोरडा आवाज येतो आणि बेअरिंग पाटावर पडलेलं असतं. गन नसेल तर कपड्यांची इस्त्री उलटी ठेवून तिच्यावर झाकण ठेवलं तरी चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. गॅसच्या शेगडीवर मात्र धरू नका. अॅल्युमिनियम वितळेपर्यंत पोलादासारखं लाल होऊन इशारा देत नाही, आणि ज्योतीत एक बाजू आधी तापून झाकण वाकडं होतं.

या पद्धतीची किंमत कुठे मोजावी लागते तेही सांगतो, कारण मी ती मोजली आहे. पहिल्या मोटरीला मी रोटर न काढता, अख्खी जोडलेली असतानाच गन लावली. बेअरिंग निघालं, नवं बसलं, मोटर फिरली. उलट आधीपेक्षा जास्तच जोरात फिरली, म्हणून आनंदच झाला. गाडीत घातल्यावर मात्र चढाला दम नाही, आणि पाच मिनिटांत डब्याला हात लावता येईना. रोटरमध्ये निओडिमियम चुंबक असतो. साध्या ग्रेडचा चुंबक ८० अंशांपुढे आपली ताकद कायमची गमवायला लागतो. जास्त उष्णता सोसणारा एसएच ग्रेड १५० अंशांपर्यंत टिकतो, पण आपल्या मोटरीत कुठला आहे ते डब्यावर लिहिलेलं नसतं. चुंबक कमजोर झाला की मोटर रिकामी असताना जास्त फेरे घेते, तेवढ्याच करंटला जोर मात्र कमी देते, आणि मग जास्त करंट ओढून तापत जाते. ती मोटर नंतर कधी सुधारली नाही. म्हणून रोटर आत असताना उष्णता नको म्हणजे नको. मागच्या झाकणात सेन्सरची पट्टी असते, तीही आधी स्क्रू काढून वेगळी करा. ती निघत नसेल तर त्या झाकणापुरता हा पर्याय सोडा.

तापवूनही बेअरिंग हललं नाही तर कारण बघा. खोबणीच्या कडेला पांढरी भुकटी दिसत असेल तर खाऱ्या ओलाव्याने अॅल्युमिनियम खाल्लं गेलंय. तिथे गंजावरचं तेल रात्रभर मुरवायचं, दुसऱ्या दिवशी नीट पुसून पुन्हा तापवायचं. बारीक हिरवी किंवा लाल रेघ दिसत असेल तर कारखान्यातच चिकटवून बसवलंय. त्यावर तेलाचा काही उपयोग नाही. अशी गोंदं ढिली व्हायला साधारण २५० अंशांचं तापमान लागतं, आणि तेवढ्याला झाकणाचा रंग फिका पडण्याची तयारी ठेवावी लागते.

झाकणातलं बेअरिंग ओढून काढायचा ब्लाइंड पुलर मिळतो. आतल्या भोकात घालून फुगवायचा आणि सरकत्या वजनाने ठोके द्यायचे. मोटरसायकलच्या कामाला तो फार चांगला. पण बाजारातले बहुतेक संच साधारण ८ मिमी भोकापासून सुरू होतात आणि आपलं भोक एक सुताचं. भाच्याने ऑनलाइन पाहून ठेवलेला संचही तसलाच होता. पैसे वाचले.

त्याऐवजी बिनखर्चाची एक युक्ती आहे. खोबणी मागून पूर्ण बंद असेल तरच ती चालते. ओला टिश्यू पेपर किंवा पावाचा आतला मऊ भाग बेअरिंगच्या भोकातून आत ठासायचा. एक सुताच्या ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा त्या भोकात नेमका बसतो. तो लावून हलके ठोके द्यायचे, पुन्हा लगदा भरायचा, पुन्हा ठोके. दांड्याचा दाब लगद्यातून बेअरिंगच्या अख्ख्या पाठीवर पसरतो. व्यास तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, त्यामुळे हलका ठोकाही मागून भारी होऊन लागतो. ग्रीस भरू नका, ते झेडझेड, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं आवरण असलेल्या बेअरिंगच्या पत्र्याच्या कडेने गळून जातं. ऐरोलीच्या एका मित्राच्या मोटरीचं मागचं बेअरिंग आम्ही असं काढलं, पाच-सहा वेळा लगदा भरावा लागला. खोबणीचा तळ पातळ असेल तर तो बाहेर फुगू शकतो, म्हणून आधी बोटाने दाबून अंदाज घ्या.

आता शाफ्टवरचं बेअरिंग. इथे उष्णता पूर्ण बाद, कारण शेजारीच चुंबक. मग दोनच गोष्टी उरतात, दोन जबड्यांचा छोटा पुलर किंवा बाकावरचा व्हाइस. पुलरची अडचण अशी की बेअरिंग आणि रोटर यांच्यात फट जेमतेम असते, जाड जबडा आत शिरत नाही. मी कटरची दोन पाती दोन्ही बाजूंनी त्या फटीत सरकवून आधी थोडी जागा करतो, डोळ्यांवर चष्मा लावून. पाती तुटतात आणि बेअरिंगची कडी कडक असल्याने तिचाही तुकडा उडू शकतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटायला जाल तर शाफ्ट वाकेल, आणि वाकलेला शाफ्ट म्हणजे रोटर गेला.

मला व्हाइस जास्त भरवशाचा वाटतो. जबड्यांवर दोन पातळ पट्ट्या, त्यांवर बेअरिंग टेकवलेलं, रोटर खाली लटकता, खाली घडी घातलेलं फडकं. वरून शाफ्टच्या टोकावर पितळेचा तुकडा ठेवून बेताने ठोकायचं. लोखंडी पंच लावला तर शाफ्टचं टोक पसरतं आणि नवं बेअरिंग चढतच नाही. हे सगळं करताना रोटर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला हवा. व्हाइसजवळचा लोखंडाचा कीस चुंबक क्षणात ओढून घेतो. तरी चिकटलाच तर चिकटपट्टीने किंवा मुलांच्या खेळण्यातल्या मातीच्या गोळ्याने टिपून काढा.

नुसती हातोडी आणि पंच पुढच्या झाकणाला चालून जातात, कारण त्याला आरपार भोक असतं. बाहेरून ठोकलं की बेअरिंग आत पडतं. आतल्या कडीवर मार बसल्याने ते बेअरिंग पुन्हा वापरायचं नाही, एवढंच. ते टाकायचंच असेल तर हरकत नाही.

लेथवाल्याकडे कधी जावं? सेन्सरची पट्टी निघत नाही आणि खोबणी बंद आहे, तेव्हा. किंवा बेअरिंग फुटून बाहेरची कडी एकटीच खोबणीत राहिली आहे, तेव्हा. ती कडी आतून कोरून पातळ करायला लेथ आणि सरावलेला हातच हवा. वागळे इस्टेटला किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळे, महापे भागात असे छोटे वर्कशॉप भरपूर आहेत. एवढ्याशा कामाला ते आधी नाराज असतात, म्हणून दुपारच्या सुट्टीच्या वेळी जावं आणि झाकण पूर्ण सुटं करून न्यावं. जबड्यात धरताना मध्ये अॅल्युमिनियमची पट्टी घाला असं आवर्जून सांगा. रोटर घरीच ठेवा, वर्कशॉपच्या जमिनीवर कीसच कीस असतो.

नवी मोटर मी फक्त तीन कारणांसाठी घ्यायला सांगेन: शाफ्ट वाकलाय, चुंबकाला तडा गेलाय, किंवा खोबणी इतकी झिजलीय की नवं बेअरिंग हातानेच आत-बाहेर होतंय. नुसतं अडकलेलं बेअरिंग हे मोटर फेकायचं कारण नाही.

भाच्याच्या मोटरीत पुढचं बेअरिंग झाकणातून तापवून निघालं, मागचं शाफ्टवरून व्हाइसवर. दोन्हींची मापं कॅलिपरने वेगवेगळी घेतली, कारण पुढचं-मागचं सारखंच असेल असं नाही. जुनी बेअरिंग डबीत घालून तो मुंबईत मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटवर गेला आणि जोडी घेऊन आला. चिखलात पळवतोस तर पत्र्याच्या झेडझेडऐवजी रबराच्या टूआरएस सीलचं घे, असं मी सांगितलं होतं. बसवताना झाकणात ढकलायचं ते बाहेरच्या कडीवर दाब देऊन आणि शाफ्टवर चढवायचं ते आतल्या कडीवर. झाकण पुन्हा थोडं गरम केलं होतं, बेअरिंग अंगठ्याने आत गेलं.