सुदामानगरचा सकाळचा व्हॉलीबॉल क्लास: सर्व्हिस शिकायला जा, नेट मात्र मोजून घ्या

वय ४६, उंची पाच फूट एक इंच, उजवा खांदा थंडीत कुरकुरणारा. हे आधीच सांगते, म्हणजे माझं म्हणणं कितपत धरायचं ते तुम्ही ठरवा. आमच्या ऑफिसच्या बायकांच्या टीमला सहावी मिळेना, म्हणून मला उभं केलं. पहिल्याच सेटमध्ये माझ्या चार सर्व्हिस (रेषेमागून बॉल नेटपलीकडे मारून खेळ सुरू करणं) आणि चारही नेटात. रोटेशनमुळे, म्हणजे सगळ्यांनी जागा बदलत फिरायचं असल्याने, सर्व्हिसची पाळी येतेच, लपायला जागा नाही. १९९० च्या दशकात शाळेत खेळायचे तेव्हा सर्व्हिस चुकली तर फक्त सर्व्हिसची पाळी समोरच्यांकडे जायची. आता समोरच्यांना सरळ पॉइंट. २५ च्या सेटमध्ये चार मी एकटीने वाटून आले. परत येताना रिक्षात कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून घरापासून चालत दहा मिनिटांवरचा हा क्लास लावला. सकाळी ६ ते ७:३०, महिन्याचे १,२०० रुपये. बाकी सगळी आठवी-नववीची पोरं. पहिल्या दिवशी मी ‘आंटी’ होते. जोशांच्या पोराने ओळखलं आणि मग सगळ्यांचीच ‘काकू’ झाले.

पहिला आठवडाभर सरांनी मला बॉल मारूच दिला नाही. रेषेमागे उभं राहायचं, डावा पाय पुढे, डाव्या हाताने बॉल वर सोडायचा आणि खाली पडू द्यायचा. बस. उजव्या खांद्यासमोर, हातभर पुढे, त्यांनी चुन्याचं एक वर्तुळ काढून दिलं होतं. बॉल त्यात पडला पाहिजे. “मॅडम, सीधे हाथ को अभी भूल जाओ.” बॉल खाली पाडायचे १,२०० रुपये, असं मनात आलंच. पण गुरुवारपर्यंत लक्षात आलं की माझा बॉल कधी डोक्यामागे पडतो, कधी पार डावीकडे. मॅचमध्ये मी त्याच्यामागे वाकडी होऊन, कोपर दुमडून मारत होते; मग तो नेटात जाणार नाही तर काय! शाळेत बाई फक्त “जोरात मार” म्हणायच्या. मी तीस वर्षं उजव्या हाताला दोष देत बसले, आणि चोर निघाला डावा.

दुसऱ्या आठवड्यात मारणं. बोटांनी नाही, तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने. मनगट ताठ, आणि बॉलला लागताच हात तिथेच थांबवायचा. असं जमलं तर बॉल फिरत नाही, आणि न फिरणाऱ्या बॉलवरून हवा सारखी सुटत नाही, म्हणून तो मध्येच डुलतो. समोरच्याला अंदाज येत नाही. मलाही येत नाही, ही वेगळी गोष्ट.

आणखी एक, जे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं: शिट्टी वाजल्यावर ८ सेकंद मिळतात. मी शिट्टीसरशी घाबरून मारून मोकळी व्हायचे. आता दोनदा बॉल टप्पा देऊन घेते, श्वास सोडते, मग बॉल वर सोडते. आणि पूर्वी सर्व्हिस नेटला शिवली की फाउल असायचा. आता शिवून पलीकडे पडली तर चालते. माझे दोन पॉइंट तसेच आलेत, मी मोजते.

आता तक्रारी. दोन आठवडे होऊनही निम्म्या सर्व्हिस नेटात जात होत्या, तेव्हा मला संशय आला. ब्लाउजचा माप घ्यायचा टेप घेऊन गेले. तो दीड मीटरचाच, म्हणून झाडूच्या दांड्यावर खूण करून, जोशांच्या पोराला खाली धरायला लावून, बरोबर मध्यावर नेट मोजलं: २४३ सेंटीमीटर. म्हणजे पुरुषांचं! बायकांचं २२४ असतं. माझ्या उंचीला १९ सेंटीमीटर म्हणजे चेष्टा नाही. सर आधी “क्या फर्क पडता है” म्हणाले, मग पंधरा मिनिटं गप्प, आणि दुसऱ्या दिवशी नेट खाली. तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी खालीच असतं. बाकीच्या दिवशी तुम्हाला सांगावं लागेल, आणि टेप दिसला की काम लवकर होतं.

बॉल आठ आहेत, त्यातले धड दोन. एकाला तर आवळ्याएवढं टेंगूळ आलंय. तो बॉल मारला की कोणाचीही सर्व्हिस डुलते. स्वतःचा न्या. हवा ठासून भरू नका, हात लाल होतात. पाण्याची सोय नाही. पोह्यांची गाडी मात्र फाटकासमोरच, जिलबी ७ नंतर.

गेल्या मॅचमध्ये अकरा सर्व्हिसपैकी आठ पलीकडे गेल्या. रिक्षात सगळ्या बोलत होत्या.

पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो आणि बुडालेल्या दिवसांचे पैसे वळते करत नाहीत. जुलैत नऊच दिवस झाले, पैसे पूर्ण गेले. ऑगस्टचे मी भरलेले नाहीत. गच्चीवर चुन्याचं वर्तुळ काढलंय; सप्टेंबरात परत जाईन.