परवाना सुचवणारे संकेतस्थळ : उपयुक्त, पण पहिल्या पानावर थांबू नये

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते. कोणी किती किलो वेचले आणि बाजाराच्या दिवशी कोणाला किती पैसे द्यायचे, याचा हिशेब ठेवणारे एक छोटे ॲप मी हौसेखातर लिहिले आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला करताना गिटहब या कोड ठेवण्याच्या व वाटण्याच्या ऑनलाइन व्यासपीठाच्या, परवाना सुचवणाऱ्या ‘चूज अ लायसन्स’ या संकेतस्थळाचा आधार घेतला.

परवाना, म्हणजे इतरांनी कोड कोणत्या अटींवर वापरावा हे सांगणारा मजकूर, न जोडता कोड नुसता सार्वजनिक ठेवला, तर कॉपीराइटचे सर्व हक्क लेखकाकडेच राहतात आणि इतरांना तो बदलून वाटण्याची मुभा मिळत नाही, ही अनेक हौशी मंडळींच्या गावीही नसलेली बाब येथे स्वच्छ सांगितली आहे. सुटसुटीतपणा हवा असल्यास एमआयटी हा परवाना आणि इतरांनी केलेल्या सुधारणाही खुल्या राहाव्यात असे वाटत असल्यास २००७ सालचा जीपीएल ३ हा परवाना, अशी शिफारस पहिल्याच पानावर मिळते. परवानग्या, अटी व मर्यादांची मांडणी तर वकिलाची पायरी न चढताही कळावी इतकी सुबोध आहे.

मात्र उद्या एखाद्या व्यापाऱ्याने माझा कोड सुधारून स्वतःच्या सर्व्हरवर चालवला आणि लोकांना केवळ इंटरनेटवरून वापरू दिला, तर जीपीएलनुसार सुधारित कोड देणे त्याच्यावर बंधनकारक ठरत नाही. ही पळवाट बुजवणारा एजीपीएल हा परवाना पहिल्या पानावर नाही. तो परवान्यांच्या पुढच्या यादीत आहे. माझ्या मते हिशेबाच्या ॲपसाठी तोच योग्य होता, आणि मी तोच घेतला.