कुस्कोची अर्ध्या दिवसाची टूर: गाइड उत्तम, आखणी भिकार

आयुष्यभर पाटबंधारे खात्यात दगडी बांधकामाची बिलं तपासली, त्यामुळे पेरूला जायचं ते भिंती बघायलाच, असं ठरवून गेलो होतो. कुस्कोत हॉटेलशेजारच्या एका एजन्सीकडून दुपारची टूर घेतली. ‘सगळं धरून’ असं सांगितलं होतं. पहिल्याच ठिकाणी, कोरिकांचाला, कळलं की तिथलं तिकीट वेगळं, आपल्या खिशातून.

पण पैसे वसूल झाले. इंकांचं हे सूर्यमंदिर. त्याच्याच जोत्यावर स्पॅनिश लोकांनी सांतो दोमिंगोचा मठ चढवला. १९५०च्या भूकंपात मठाची बरीच पडझड झाली, खालच्या इंका भिंती मात्र जागच्या जागी. आत कललेली भिंत, वर निमुळते होत गेलेले दरवाजे, आणि दरजेत चुन्याचा मागमूस नाही. मी नख घालून पाहिलं, गेलं नाही. रखवालदार ओरडला, ते सोडा.

गाइड स्थानिक क्वेचुआ बाई, इंग्रजी स्वच्छ. ‘१६८ स्पॅनिशांनी साम्राज्य जिंकलं’ हे वाक्य ग्रुपमधल्या कुणीतरी टाकलं, तर त्यांनी तिथंच थांबवलं. स्पॅनिश सेनापती पिझारो यायच्या आधीच इंका सम्राट वायना कापाक साथीत गेला होता, बहुधा देवीच्या. गादीसाठी वास्कार आणि आतावाल्पा हे भाऊ एकमेकांवर तुटून पडले होते. नोव्हेंबर १५३२ मध्ये काहामार्कात पकडला गेला तो नुकतीच भाऊबंदकी जिंकलेला आतावाल्पा. शिवाय इंकांवर खार खाऊन असलेल्या जमाती पुढं स्पॅनिशांना मिळाल्या. राजानं सुटकेसाठी एक खोली भरून सोनं कबूल केलं, त्यासाठी याच कोरिकांचाच्या भिंतींवरचे सोन्याचे पत्रे उचकटले. सोनं मिळालं, आणि जुलै १५३३ मध्ये राजाला गळा आवळून मारलं. हे सगळं बाईंनी पत्रे जिथं होते त्या भिंतीसमोर उभं राहून सांगितलं.

मग अल्पाकाच्या लोकरीचं दुकान. पन्नास मिनिटं! ‘बेबी अल्पाका’ कसं ओळखायचं याचं व्याख्यान, मग गल्ला. त्यापायी साक्सायवामानला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथं नागमोडी तटाच्या तीन रांगा, शंभर टनांवरचे दगड, आणि आम्हाला वेळ पंचवीस मिनिटं. १५३६ मध्ये इंका राजा मांकोनं स्पॅनिशांच्या हाती गेलेल्या कुस्कोला वेढा घातला तेव्हा याच गढीसाठी झुंज झाली, पिझारोचा भाऊ हुआन याला इथंच डोक्यात दगड बसला, त्यातच तो मेला. बाई हे चालता चालता सांगत होत्या आणि ३,४०० मीटरच्याही वर असल्यानं मी मागे धापा टाकत होतो. हॉटेलातला कोकाच्या पानांचा चहा पिऊन निघा, नुसत्या हिमतीवर जाऊ नका.

तीन तारे देतोय, तेही बाईंमुळे. बुकिंग करताना दुकान वगळायला सांगा, आमच्या बसमधल्या एका जोडप्यानं ते आधीच करून घेतलं होतं आणि ती दोघं आमच्याआधी तटावर जाऊन बसली होती.

टूर संपते मुख्य चौकात. शेवटचा इंका राजा तुपाक आमारू, त्याचं डोकं १५७२ मध्ये इथं उडवलं. बाई ते सांगायला लागल्या आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला, गाडी उभी करायला परवानगी नाही म्हणे.