टिळकवाडीतला ड्रॉइंगचा क्लास, दीड वर्ष जाऊन मग लिहितोय

बेळगावात मोठ्या माणसांना मुळापासून ड्रॉइंग शिकवणारं कोण आहे काय, असं बरेच जण विचारत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ एका जुन्या कौलारू घराच्या माडीवर हा क्लास चालतो. बाहेर बोर्ड नाही. सरांना जाहिरात नको असते त्यामुळं नाव घालत नाही, पण त्या गल्लीत जाऊन चित्रकलेचे सर कुठं राहतात म्हणून विचारलात की कुणीही दाखवेल. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी, मोठ्यांना महिन्याला १५०० रुपये, शिकणाऱ्या पोरांना ८००.

मी उद्यमबागेत फौंड्रीच्या पॅटर्न शॉपला आहे, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने करायचं काम, २२ वर्षं झाली. बिडाचं कास्टिंग गार होताना आकसतं म्हणून मीटरमागं साधारण १० मिलिमीटर जास्त धरून पॅटर्न करायचा, हा आमचा रोजचा हिशेब, त्यामुळं माप आणि आकार ह्यात मला काय कोण शिकवणार असं वाटायचं. ड्रॉइंगची आवड शाळेपासून, ड्रॉइंगची लोअर ग्रेड परीक्षा दिलेली, हायर राहिली ती राहिलीच. चार वर्षांपूर्वी गावातच एका दुसऱ्या क्लासला तीन महिने गेलो होतो. तिथं मोबाईलवर फोटो द्यायचे, त्यावर चौकोन आखायचे, कागदावर चौकोन आखायचे आणि चौकोन बघून चौकोन भरायचा. शेवटी सर्टिफिकेट मिळालं, घरात फ्रेमपण केली, पण बायकोला समोर बसवून काढायला गेलो तर एक रेघ धड पडेना. फी गेली त्याचं नाही, ते तीन महिने गेले त्याचं अजून वाईट वाटतं.

ह्या सरांकडं पहिल्या दिवशी गेलो तेव्हा त्यांनी वहीबिही काही बघितली नाही. आधी दोन महिने बार्गच्या प्लेट्स काढायला लावल्या. शार्ल बार्ग म्हणून फ्रेंच माणूस, त्यानं जेरोम ह्या चित्रकाराबरोबर १८६०च्या दशकाच्या शेवटाला शिकणाऱ्यांसाठी हा कोर्स काढला, नुसत्या प्लेट्स, म्हणजे बघून काढायची छापील चित्रं, सोप्यातून अवघडाकडं जाणारी. आधी सरळ रेघांनी बाहेरचा आकार, मग सावलीची हद्द, मग आतलं. व्हॅन गॉगनं १८८० साली ह्याच प्लेट्स बसून काढल्या होत्या, तेव्हा तो २७ वर्षांचा होता आणि चित्रकार व्हायचं त्यानं नुकतंच ठरवलं होतं. सरांनी मला हे मुद्दाम सांगितलं कारण मी आत येतायेताच वय ४३ झालंय म्हणून दोनदा बोललो होतो.

त्यानंतर कान आला. प्लास्टरचा, पांढरा, तळहाताएवढा नाही तर चांगला दोन वीत, मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या कानाची कॉपी. असे डोळा, नाक, ओठ, कान जगभरच्या आर्ट स्कूलात शिकणाऱ्यांपुढं ठेवतात. सरांनी तो काळ्या कापडावर खिळ्याला अडकवला, शेजारी त्याच उंचीला माझा बोर्ड लावला आणि मागं सात फुटांवर फरशीवर खडूनं दोन पावलं आखली. म्हणाले, "बघायचं हितनं, काढायचं तितं जाऊन. काढताना कानाकडं बघायचं न्हाई." म्हणजे मागं उभं राहून कान आणि कागद एका नजरेत घ्यायचा, फरक कुठं आहे ते डोक्यात धरायचं, पुढं जाऊन एक खूण करायची, परत मागं येऊन तपासायचं. साइट साइज म्हणतात ह्या पद्धतीला. वस्तू जेवढी दिसते तेवढीच कागदावर येते, त्यामुळं चूक लपायला जागा नाही. पहिल्या रविवारी मी किती फेऱ्या घातल्या असतील देव जाणे, घरी गेलो तर पोटऱ्या भरून आलेल्या आणि कागदावर चौदा-पंधरा खुणा.

ओळंबा तर माझ्या ओळखीचा निघाला. सर दोऱ्याला एक नट बांधून धरतात, एक डोळा मिटून, आणि कानाच्या वरच्या कडेवरून सोडलेली उभी रेघ पाळीच्या कुठल्या बिंदूवर उतरते ते बघायला सांगतात. मी शॉपमधला पितळी ओळंबा घेऊन गेलो तर सर खूश झाले, आता तो तिथंच खिळ्याला असतो आणि सगळी पोरं वापरतात. पण गंमत अशी की कामावर मी व्हर्नियर लावून मोजतो तेव्हा आकडा हातात येतो आणि मग मी वस्तूकडं बघायचंच सोडतो, इथं आकडाच नाही, हे अंतर त्या अंतरापेक्षा थोडं कमी एवढंच, त्यामुळं नजर काढून घेता येत नाही. हे मला कळायला चार-पाच महिने लागले. आता फौंड्रीत पॅटर्न हातात घेतला की पार्टिंग लाइनजवळचा, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथला, उंचवटा मोजायच्या आधी दिसतो. माझ्या सुपरवायझरनं विचारलं होतं, काय चष्मा बदललास काय गा म्हणून.

सातव्या आठवड्याला कान पुरा झाला असं मला वाटलं. सरांनी काही न बोलता दाढीचा आरसा आणून माझ्या हातात दिला आणि पाठमोरं उभं राहून आरशात बघ म्हणाले. उलटं दिसल्यावर एकदम कळलं, आख्खा कान डावीकडं कलंडलेला. सात आठवडे दर क्लासला समोर होता आणि दिसला नव्हता. मी म्हटलं सर नवीन कागद घेऊ काय, तर म्हणाले, "नवा कशाला? हेच्यातच सुदार की. चारकोल पुसायलाच असतोय." मग निडेड रबरानं, म्हणजे मळता येणाऱ्या मऊ खोडरबरानं, सगळं उचललं, खाली फिकट भूत राहिलं, त्यावरच परत काढलं. तो कागद आज बघितला तर खाली पहिला कान अंधुक दिसतो आणि मला तोच जास्त आवडतो.

शेडिंग म्हणजे पेन्सिल घासणं नाही हेसुद्धा इथंच कळलं. सर डोळे किलकिले करून बघायला लावतात, तसं केलं की बारीकसारीक जातं आणि उजेड आणि सावली असे दोनच भाग उरतात. सावलीतली सगळ्यात उजळ जागासुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद जागेपेक्षा गडदच असते, हे वाक्य सरांच्या तोंडून मी शंभरदा ऐकलंय. सावलीच्या आतला परावर्तित उजेड आपण सगळे हमखास जास्त पांढरा करतो आणि मग गोलाई मरते. क्लासला बैलहोंगलकडून एक पोरगा येतो, त्याला मराठी फारसं येत नाही. सर त्याला कन्नडात सांगतात आणि आम्हाला मराठीत, पण शिकवणं इतकं थोड्या शब्दांचं आहे की आता सगळ्यांनाच दोन्ही कळतं. मला "बघ" आणि त्याला "नोडु", एवढंच तर बोलतात.

सरांबद्दल थोडं सांगायला पाहिजे. त्यांचे गुरू स्वतः के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली तयार झालेले. के. बी. सर म्हणजे बेळगावच्या वास्तववादी चित्रकलेचं मूळ घर म्हणा, आपल्या बेळगावात जन्मलेले चित्रकार रवी परांजपे त्यांच्याकडंच शिकले, चित्रकार जॉन फर्नांडिससुद्धा. ती परंपरा ह्या माडीपर्यंत आलीय आणि खाली रस्त्यावरनं जाणाऱ्याला त्याचा पत्ता नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. सर स्वतः ३१ वर्षं हायस्कूलला ड्रॉइंग टीचर होते, दिवसा चाळीस-पन्नास पोरांच्या वर्गात फुलपात्र आणि वांगं, रात्री स्वतःचं काम, शिवजयंतीच्या मिरवणुकीला मंडळांच्या चित्ररथांचे पडदे रंगवून घर चालवायला हातभार. त्या पडद्यांनीच हात मोकळा झाला म्हणतात. कोल्हापूरला शाहू स्मारकात प्रदर्शनं केली, मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीलासुद्धा एकदा, तिथलं बुकिंग मिळायलाच कितीतरी वर्षं थांबावं लागलं. आठवडाभरात दोन चित्रं गेली, त्यात फ्रेमचा आणि टेम्पोचा खर्च निघाला. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पडद्यांचं सांगताना आणि जहांगीरचं सांगताना आवाज सारखाच असतो त्यांचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी आम्हा विद्यार्थ्यांना घेऊन टिळकवाडीतच वरेरकर नाट्य संघाच्या कला दालनात तीन दिवसांचं प्रदर्शन केलं. फी घेऊन पोरांची चित्रं भिंतीवर लावायची आणि पालकांना खूश करायचं असला प्रकार नव्हता, अकरा जणांतल्या सहा जणांचंच काम घेतलं, बाकीच्यांना पुढच्या खेपेला म्हणाले. माउंट आम्हीच कापले. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर, सगळ्यांचा एकाच रेषेत, ते काम माझ्याकडं होतं. माझा कान कोपऱ्यात होता, सरांचं त्यांच्या आईचं चारकोलमधलं मोठं चित्र समोरच्या भिंतीवर, आई पावट्याच्या शेंगा सोलत बसलीय. दुसऱ्या दिवशी अनगोळकडच्या एक आजी नातवाबरोबर आल्या, त्या चित्रापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हिचा अंगठा दुखालाय." सर जवळच होते. त्यांच्या आईला खरंच संधिवात होता. सर आजींना काही बोलले नाहीत, खुर्ची आणून दिली आणि स्वतः खाली बसले शेजारी.

सर प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा म्हैसूरला पाठवतात, जगनमोहन पॅलेसमधलं चित्रकार हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघायला. हळदणकर सावंतवाडीचे, म्हणजे आपल्याकडनं आंबोली घाट उतरला की तिथलेच. शाळेच्या ट्रिपला मी ते बघितलं होतं, तेव्हा एवढंच आठवत होतं की दिवा खरा वाटतो. मे महिन्यात घरच्यांना घेऊन परत गेलो आणि डोळे किलकिले करून उभा राहिलो. दिव्याच्या आड धरलेल्या हाताची बोटं आतनं तांबडी झालीत, तो उजेड जाड रंगाचा लेप देऊन आणलेला नाही, जलरंग आहे ते, कागदाचा पांढरेपणा राखून आणलेला. मागचा अंधार एवढा गडद धरला म्हणून दिवा पेटलाय. माझी मुलगी म्हणाली बाबा चला ना, तर मी तिला पण डोळे बारीक करायला शिकवलं. मग तीच हलेना.

आता अडचणी. जिना फार उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होईल. उजेड फक्त उत्तरेच्या खिडकीचा, ट्यूबलाइट सर लावू देत नाहीत कारण सावली बदलते. ते बरोबरच आहे, पण जून ते ऑगस्ट बेळगावचा पाऊस माहीत आहे की सगळ्यांना, चार-साडेचारलाच अंधारून येतं आणि दोन तासांचा क्लास तासावर येतो. फी तेवढीच. पावसाळ्यात शनिवारची बॅच दुपारी घ्यावी असं मी सांगून बघितलं, सर विचार करतो म्हणाले, अजून काही झालं नाही. सरांचं कुठं प्रदर्शन असलं की एकेक आठवडा क्लास बंद, कळवतात आदल्या दिवशी. रंग पहिलं वर्षभर हातात देत नाहीत. दोन जण ह्याच कारणानं सोडून गेले, त्यातला एक माझ्यापेक्षा चांगला काढायचा. त्याला सहा महिन्यांनी थोडा रंग दिला असता तर थांबला असता असं मला वाटतं आणि हे मी सरांनापण बोललोय. मुलांना स्पर्धेत नंबर पाहिजे असेल तर इथं पाठवू नका, मुलाचेही हाल आणि सरांचेही.

सामानाला सुरुवातीला हजार-बाराशे धरा. विलो चारकोल, निडेड रबर, ड्रॉइंग बोर्ड, क्लिपा. कागद खडेबाजारात मिळतो तो सरावाला ठीक, पण कास्टचं, म्हणजे त्या कानासारख्या प्लास्टरच्या वस्तूंचं, काम दोन-दोन महिने चालतं, त्याला रबर सोसणारा जाड कागद लागतो. आम्ही चार-पाच जण मिळून कोल्हापूरहून मागवतो, नवीन कोण आलं तर त्यांचंही त्यातच आणतो.

फोन सर उचलत नाहीत. रविवारी सकाळी साडेनऊच्या आत सरळ माडीवर जा, दार उघडंच असतं. आत गेल्यावर खडूनं आखलेल्या पावलांवर पाय तेवढा देऊ नका, कुणाचं ना कुणाचं काम चालू असतं.