ग्लाइड की स्पिन? शाळेच्या मैदानावर गोळाफेक शिकवताना

आठवी ते दहावीच्या मुलामुलींचा जागेवरून गोळा फेकण्याचा टप्पा नीट झाला की त्यांना पुढे कोणत्या वाटेने न्यावे, पाठमोरे सरकत येणाऱ्या ग्लाइडच्या की वर्तुळात फिरत येणाऱ्या स्पिनच्या, असा प्रश्न अलीकडे बरेच क्रीडाशिक्षक विचारतात. मी दोन्ही पद्धती शिकवून पाहिल्या आहेत. ग्लाइड बरीच वर्षे शिकवतो आहे आणि स्पिन मध्यंतरी सलग तीन हंगाम शिकवली. पुढे जे लिहीत आहे त्याला माझ्या वहीतल्या नोंदी आणि मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिलेल्या फेकी एवढाच आधार आहे. ज्यांचे मैदान आमच्या मैदानापेक्षा बरे आहे, त्यांनी ते त्या बेताने वाचावे.

स्पिनचे आकर्षण मुलांना कोठून येते हे सांगायला नको. रायन क्राउझरने २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला २३.५६ मीटरचा विश्वविक्रम केला, ती फेक माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी मोबाइलवर पाहिलेली आहे. रिओ आणि टोकियो या दोन्ही ऑलिंपिकमध्ये पुरुषांची पदके क्राउझर, जो कोव्हॅक्स आणि टॉम वॉल्श यांनी त्याच क्रमाने जिंकली आणि हे तिघेही फिरून फेकणारे आहेत. तेव्हा ‘सर, आपण जुनी पद्धत का शिकतो?’ या प्रश्नात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. मात्र उल्फ टिमरमनने १९८८ मध्ये २३.०६ मीटर फेक केली ती ग्लाइडनेच. नताल्या लिसोव्स्कायाचा १९८७ मधला २२.६३ मीटरचा महिलांचा विक्रम ग्लाइडचा असून तो आजही मोडलेला नाही, आणि २०२३ मध्ये भुवनेश्वरला २१.७७ मीटर फेकणारा आपला तजिंदरपालसिंग तूरही सरकतच येतो. शाळेतले मूल दहा-अकरा मीटरसाठी झटत असते, त्यामुळे पद्धतीची कमाल मर्यादा कोठे आहे याची चिंता आपण निदान दहावीपर्यंत तरी करू नये, असे मला वाटते.

शिकवण्याच्या दृष्टीने पाहिले तर ग्लाइडची मोठी सोय अशी की तिचा शेवट मुलांना आधीच येत असतो. जागेवरून फेकताना जी पॉवर पोझिशन, म्हणजे गोळा ढकलण्याआधीची दोन्ही पाय रोवून उभे राहण्याची स्थिती, घटवून घेतली, तिच्यापर्यंत पोहोचण्याचा एक सरळ रस्ता तेवढा नव्याने शिकवायचा असतो आणि तो अर्ध्या तासाच्या तासिकेत, रांगेत पन्नास मुले उभी असतानाही, तुकड्यातुकड्याने शिकवता येतो. स्पिनचे असे तुकडे पाडणे अवघड जाते. मागच्या कडेवर डाव्या पायावर तोल घेताना झालेली चूक तिथे दिसतच नाही. दोन पावलांनंतर गोळा मानेपासून सुटतो, कोपर खाली येते आणि मूल गोळा ढकलण्याऐवजी क्रिकेटच्या चेंडूसारखा भिरकावते तेव्हा ती दिसते. तोपर्यंत नेमके कोठे बिघडले हे मुलालाही सांगता येत नाही आणि खरे सांगायचे तर अनेकदा मलाही कळलेले नसते.

एवढ्यावर मी स्पिन सोडली नसती. ती सोडायला कारण झाला तो वर्तुळाच्या मागच्या बाजूला पडणारा खळगा. आमचे वर्तुळ मुरुमाचे आहे, फक्कीने आखलेले, पुढे टो बोर्ड म्हणून खुंट्यांनी पक्की केलेली एक जाड फळी. उजव्या हाताने फेकणाऱ्याला सुरुवातीला डाव्या पायाच्या चवड्यावर फिरावे लागते. सिमेंटवर चवडा फिरतो, मुरुमात तो गिरमिटासारखा आत शिरतो. वीस मुलांनी दोन-दोन फेकी केल्या की त्या जागी वाटीएवढा खळगा होतो आणि एकविसाव्या मुलाचा बूट त्यात अडकून राहतो, म्हणजे धड पुढे वळते, पाऊल मागेच रोवलेले असते आणि मधल्या मध्ये गुडघा पिळवटतो. कोणाला गंभीर दुखापत झाली नाही हे नशीब, पण ‘सर, गुडघा दुखतोय’ हे वाक्य मी एका हंगामात जितक्या वेळा ऐकले तितके त्याआधीच्या सगळ्या वर्षांत मिळून ऐकले नव्हते. आमच्याकडे सरावाचे मुख्य महिने पावसाचे असल्याने त्या खळग्यात रोज सकाळी पाणी साचलेले असायचे. पाणी उपसा, कोरडा मुरूम भरा, धुमस मारा, पुन्हा फक्की टाका, हे सगळे होईस्तोवर तासिकेची दहा मिनिटे गेलेली असत. तीन हंगाम मी हे केले. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी शिपाईमामांनीच मला विचारले, ‘सर, हे वर्तुळ आहे की विहीर?’

ग्लाइडमध्येही मैदानाची झीज होते, पण त्या झिजेचा मला उपयोग होतो. उजवा पाय मागून मध्यापर्यंत जमिनीलगत ओढला गेला की मुरुमावर एक रेघ उमटते. रेघ सलग असेल तर पाय नीट सरकला. ती मध्येच तुटून पुढे नुसता ठसा असेल तर मुलाने उडी मारली. रेघ तिरपी गेली असेल तर डाव्या पायाची लाथ टो बोर्डाच्या दिशेने न जाता बाजूला गेली. मला काही बोलावे लागत नाही, मूल स्वतः मागे वळून रेघ पाहते आणि पुढचे मूल यायच्या आत खराट्याचा एक फटकारा मारून वर्तुळ साफ करून जाते. गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी प्रत्येक फेकीनंतर आपल्या रेघेची लांबी पावलाने मोजत असे. तिला मी ते सांगितलेले नव्हते.

स्पर्धेतला अनुभवही याला धरूनच आहे. माझा स्पिनवाला सर्वांत चांगला मुलगा जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्यांदा सिमेंटच्या वर्तुळात उतरला आणि ज्या जोराने मुरुमात कसाबसा फिरायचा, त्याच जोराने तिथे गरकन फिरून टो बोर्डाच्या पलीकडे गेला. तिन्ही फेकी फाऊल. त्याच दिवशी ग्लाइड करणारी आमची तीन मुले थोडी जास्त सरकली खरी, पण आत राहिली आणि त्यांच्या फेकी मोजल्या गेल्या. शालेय स्पर्धेत, जिथे पहिल्या तीन फेकींवरच पुढचे सारे ठरते, तिथे मोजली गेलेली साधारण फेकही मोठी असते.

तरी स्पिनची बाजू मी अगदीच मोडीत काढणार नाही. अंगाने लहान पण चपळ असलेल्या, लेझीम किंवा मल्लखांबामुळे शरीराचा तोल चांगला सांभाळणाऱ्या मुलाला ग्लाइडमध्ये उंच मुलांपुढे फारसे काही करता येत नाही, त्याला फिरण्याचा फायदा मिळू शकतो. जो थाळीफेकही करतो त्याचे पदलालित्य अर्धेअधिक तयारच असते. शाळेला सिमेंटचे वर्तुळ असेल, गोळाफेकीला आठ-दहाच मुले असतील आणि वर्षभर सकाळी तासभर मिळत असेल, तर स्पिनने सुरुवात करणाऱ्या शिक्षकाला चूक म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

माझ्यापुरते बोलायचे तर यंदा सगळी तुकडी ग्लाइडवर आहे. फक्त दहावीतला एक मुलगा, जो थाळीही फेकतो, मधल्या सुट्टीत व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर गोळ्याशिवाय फिरण्याचा सराव करतो, फरशीवर मी खडूने वर्तुळ काढून दिले आहे. स्पर्धेत मात्र तो सरकतच फेकणार आहे.